स्प्लिट स्क्रीन वेगळं, फ्लोटिंग विंडो वेगळी

"माझ्या फोनमध्ये स्प्लिट आहे" असं सांगून बरेच जण दाखवतात ते भलतंच असतं: यूट्यूब पूर्ण स्क्रीनभर चालू आणि त्यावर व्हॉट्सॲपचं छोटं चौकोनी खोकं तरंगतंय. ही फ्लोटिंग विंडो, सॅमसंगवाल्यांच्या मेनूत पॉप-अप व्ह्यू. दोन्हींत दोन ॲप एकदम दिसतात आणि बऱ्याच फोनांवर दोन्ही पर्याय एकाच मेनूत, एकाखाली एक असतात, त्यामुळे घोळ होणारच.

स्प्लिट स्क्रीनमध्ये घराची वाटणी होते. मधे पट्टी, वर एक ॲप, खाली दुसरं. पट्टी सरकवली की एकाला जागा जास्त मिळते, दुसऱ्याला कमी, पण कुणी कुणावर चढत नाही. फ्लोटिंगमध्ये वाटणी नसते. मूळ ॲप आपल्या जागी पूर्ण पसरलेलं राहतं आणि दुसरं त्याचा काही भाग झाकून वर बसतं.

फरक कुठे पडतो ते लाइट बिल भरताना बघा. महावितरणच्या बिलावरचा ग्राहक क्रमांक 12 आकडी. तो डोक्यात राहत नाही, आणि बिल फोटोच्या रूपात व्हॉट्सॲपवर आलेलं असलं की दर चार आकड्यांनी ॲप बदलत बसावं लागतं. इथे स्प्लिट हवं. वर बिलाचा फोटो, खाली पैसे भरायचं ॲप. तेच ॲप फ्लोटिंगमध्ये उघडलंत तर खोकं नेमकं त्या क्रमांकावरच येऊन बसतं. बाजूला सरकवा, मग रक्कम झाकली जाते.

स्प्लिटलाही एक दुखणं आहे, ते म्हणजे कीबोर्ड. तो वर आला की उरलेल्या जागेत दोन ॲप दाटीवाटीने बसतात, आणि वरच्या ॲपमध्ये टाइप करायला गेलात तर खालचं बहुधा झाकलंच जातं. म्हणून आधी फोटो झूम करून फक्त क्रमांकाची ओळ समोर ठेवायची आणि मगच खालच्या रकान्यावर बोट ठेवायचं. फोन आडवा धरला तर डावी-उजवी वाटणी होते, पण तिथे कीबोर्ड जवळपास सगळंच गिळतो. लांबलचक मजकूर लिहायचा असेल तर स्प्लिटच्या नादी लागू नये, हे माझं स्पष्ट मत.

फ्लोटिंग विंडो डोकावण्यापुरती. सिनेमा चालू असताना एखाद्या मेसेजला "हो, येतो" एवढं उत्तर, किंवा ऑनलाइन खरेदी करताना कॅल्क्युलेटर. काम झालं की बंद, नाहीतर छोटी करून कडेला. तिच्यासाठी आधीची मांडणी मोडावी लागत नाही, हाच तिचा खरा फायदा.

आता शॉर्टकट. अँड्रॉइडमध्ये स्प्लिट अधिकृतपणे आलं 2016 साली, 7.0 आवृत्तीत, तेव्हा खालचं चौकोनी बटण दाबून धरलं की काम व्हायचं. 2018 मध्ये 9 व्या आवृत्तीत गूगलने ती सोय काढली, त्यामुळे जुन्या व्हिडिओंतली युक्ती आज बहुतेक फोनांवर चालत नाही. आता रीसेंट्स, म्हणजे नुकत्याच उघडलेल्या ॲपची कार्डं दाखवणारी स्क्रीन, उघडायचं, हव्या त्या ॲपच्या कार्डावरच्या आयकॉनला टच करायचं आणि स्प्लिट स्क्रीन निवडायचं. सॅमसंगमध्ये पॉप-अपही तिथेच. वनप्लस, ओप्पो, रियलमीच्या बऱ्याच फोनांवर तीन बोटं खालून वर ओढली की थेट स्प्लिट होतं. शाओमीत मेसेजचं नोटिफिकेशन खाली खेचलं की फ्लोटिंग विंडो उघडते. हा दोन्हींतला सगळ्यात झटपट रस्ता, आणि कित्येकांना तो चुकूनच सापडतो.

जुना फोन असेल तर स्प्लिटमध्ये खालच्या ॲपला हात लावताच वरचा व्हिडिओ थांबू शकतो. फोन बिघडलेला नसतो. पूर्वी बोट ज्यावर असेल तेच ॲप जागं मानलं जायचं. अँड्रॉइड 10 पासून दोन्ही ॲप जागी ठेवायची सोय सुरू झाली.

कोपऱ्यातला व्हिडिओ कॉल किंवा गूगल मॅप्सचा छोटा नकाशा मात्र या दोन्हींत मोडत नाही. ते पिक्चर-इन-पिक्चर: नुसतं बघायचं, त्यात टाइप करता येत नाही. आयफोनवर एवढंच मिळतं, तेही 2020 च्या आयओएस 14 पासून. दोन ॲप शेजारी-शेजारी उघडायची सोय ॲपलने आयपॅडला 2015 मध्येच दिली, आयफोनला नाही.

रोज तीच दोन ॲप लागत असतील तर जोडी सेव्ह करून ठेवा. सॅमसंगमध्ये मधल्या पट्टीवरच्या ठिपक्यांना टच करून ती होम स्क्रीनवर ठेवता येते. गूगलच्या पिक्सेल फोनवर अँड्रॉइड 15 पासून रीसेंट्समध्येच हा पर्याय आहे. काही ॲप मात्र वाटणीला तयारच नसतात, "स्प्लिट स्क्रीनमध्ये चालत नाही" असं सांगून मोकळी होतात. ते ॲप बनवणाऱ्यानेच ठरवलेलं असतं, तेव्हा सेटिंग धुंडाळण्यात वेळ घालवू नका.