हायटस हर्निया व आम्लाचे उलट वहन

हायटस हर्निया : (अन्ननलिका-विवर अंतर्गळ). मध्यपटलातील (छाती व पोट यांमधील स्नायूच्या पडद्यातील) ज्या छिद्रातून अन्ननलिका पोटात उतरते, त्याच छिद्रातून जठराचा वरचा भाग छातीत सरकणे, म्हणजे हा अंतर्गळ. छातीतील जळजळ व आंबट ढेकर यांच्याशी त्याचा निकटचा संबंध आहे. तो नेमका कसा, याविषयीचे मत मात्र विसाव्या शतकात दोनदा पालटले. बोलीभाषेत या त्रासाला ‘पित्त’ म्हणतात. येथील द्रव यकृतात तयार होणारे पित्त नसून मुख्यतः जठरातील हायड्रोक्लोरिक अम्ल होय.

हे छिद्र दहाव्या वक्षीय मणक्याच्या पातळीवर असते. मध्यपटलाच्या उजव्या पायाचे (मणक्यांना जोडलेल्या स्नायुपट्ट्याचे) तंतू अन्ननलिकेला फासासारखे वेढतात. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला स्वतःचा 3–4 सेंमी. लांबीचा परिसंकोची (वाट आवळून बंद ठेवणारा) स्नायू असतो. त्याचा विश्रांतावस्थेतील दाब साधारणपणे 10 ते 30 मिमी. पारा इतका भरतो. निरोगी माणसात ही दोन्ही कुलुपे एकाच जागी असतात. श्वास घेताना छातीतील दाब उतरतो, पोटातील चढतो. अम्ल वर ओढले जाण्याचा धोका त्या क्षणी असतो आणि त्याच क्षणी मध्यपटल आकुंचन पावून फास आवळतो. अन्ननलिका व जठराचा घुमट यांच्यातील लघुकोनही (हिसचा कोन) झडपेसारखा उपयोगी पडतो. अन्ननलिका व जठर यांचा हा सांधा जागेवर धरणारे बंधपटल वाढते वय, लठ्ठपणा, गरोदरपण इत्यादींमुळे सैल पडते.

अंतर्गळाचे चार प्रकार मानतात. सुमारे 95 टक्के रुग्णांत पहिला, म्हणजे सरकता प्रकार (हा सांधाच वर सरकणे) आढळतो व अम्लाच्या संदर्भात तोच महत्त्वाचा. उरलेल्या प्रकारांत जठर अडकणे वा पिळवटणे ही मोठी भीती असते.

मध्यपटलीय अंतर्गळांची वर्णने जुनी आहेत. बोस्टनचे हेन्री बाउडिच यांनी 1853 मध्ये त्यांचे विस्तृत संकलन केले. हायटस हर्नियाच्या वर्गीकरणाचे श्रेय सामान्यतः स्वीडिश क्ष-किरणतज्ज्ञ ओके ओकरलुंड (1926) यांना देतात. अम्ल व अंतर्गळ यांची सांगड शस्त्रवैद्य फिलिप ॲलिसन यांनी 1951 मध्ये ठळकपणे घातली : जठर जागेवर आणले की अम्ल थांबेल. पण शिवण टिकेना. 1973 मध्ये त्यांनीच वीस वर्षांचा आढावा घेऊन पुनरुद्भव (अंतर्गळ पुन्हा होणे) पुष्कळ असल्याचे प्रांजळपणे मांडले. तत्पूर्वी 1971 मध्ये कोहेन व हॅरिस यांनी दाबाची मोजमापे करून दोष परिसंकोची स्नायूचा आहे, अंतर्गळ केवळ सोबती आहे, असा निष्कर्ष काढला होता. डेंट, डॉड्स प्रभृतींनी (1980–82) गिळण्याची क्रिया नसतानाही हा स्नायू अधूनमधून आपोआप सैल पडतो, हे दाखवल्यावर अंतर्गळाचे महत्त्व आणखी घटले. पुढे मित्तल, कारिलास आदींच्या अभ्यासांनी मध्यपटलाला दुसऱ्या परिसंकोचीचे स्थान दिले. दोन्ही कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत व अंतर्गळ मोठा तसा त्याचा वाटा मोठा, हे मत आज अधिक ग्राह्य दिसते.

सांधा वर सरकला की परिसंकोची स्नायू छातीत जातो, फास खालीच राहतो आणि मधे जठराची एक पिशवी तयार होते. खोकताना वा खाली वाकताना फासाचा आधार स्नायूला मिळत नाही. जेवणानंतर जठरातील अन्नाच्या वर तीव्र अम्लाचा थर साचतो (‘ॲसिड पॉकेट’; ग्लासगोतील संशोधकांनी 2001 मध्ये दाखवलेला), अंतर्गळ असल्यास हा थर मध्यपटलाच्या वर, थेट अन्ननलिकेच्या दाराशी येऊन बसतो. गिळण्याची गोष्ट तर अधिकच विचित्र. एरवी एक घोट लाळ अन्ननलिका धुऊन काढते. येथे मात्र घोट घेताच स्नायू सैल होतो आणि पिशवीत अडकलेले अम्ल त्याच वाटेने पुन्हा वर उसळते. म्हणजे सफाईची क्रियाच अम्ल वर धाडते. आडवे झाल्यावर गुरुत्वाकर्षणाची मदतही संपते.

निदान बेरियम चित्रण, दुर्बीण किंवा दाबमापनाने होते. गिळताना अन्ननलिका स्वतःच आखडते व सांधा क्षणभर 2 सेंमी.पर्यंत वर येऊ शकतो. त्यामुळे त्याहून लहान अंतर्गळाचे निदान वादग्रस्त ठरते. अंतर्गळ असूनही कसलाच त्रास नसलेली माणसे पुष्कळ आढळतात.

रूडॉल्फ निसेन यांनी 1956 मध्ये प्रसिद्ध केलेल्या शस्त्रक्रियेत जठराचा घुमट अन्ननलिकेभोवती गुंडाळतात. आता तिच्याबरोबर जठर खाली आणून छिद्रही शिवून अरुंद करतात. ओमेप्राझोलसारखी औषधे अम्लाची निर्मिती घटवतात, उलट वहन थांबवत नाहीत. म्हणून गोळी चालू असतानाही जेवून लगेच वाकले तर घास घशाशी येऊ शकतो, फक्त जळजळ कमी होते.