जॅम की बसवलेलं गाणं: रॉकच्या स्टेजवर हा वाद आला कुठून

लाइव्ह रॉकचा विषय निघाला की हे भांडण ठरलेलं, गाणं स्टेजवर तिथल्या तिथे फुलवायचं (म्हणजे जॅम करायचं) की रेकॉर्डवर आहे तसंच बसवून वाजवायचं, आणि बहुतेक लोक याला वाजवणाऱ्याच्या स्वभावाचा किंवा तयारीचा प्रश्न समजतात. मला तो त्याहून जास्त यंत्रांचा प्रश्न वाटतो, म्हणजे स्टेजवर एकमेकांचं ऐकू येतं का आणि वाजवणारा टेपला किती बांधलेला आहे याचा.

29 ऑगस्ट 1966 ला सॅन फ्रान्सिस्कोत बीटल्सनी शेवटची कॉन्सर्ट केली, 11 गाणी, साधारण अर्ध्या तासात खेळ खल्लास. पब्लिकच्या किंचाळण्यात त्यांना स्वतःचंच वाजवणं नीट ऐकू यायचं नाही, तेव्हा शेजारचा काय वाजवतोय ते ऐकून त्याला उत्तर देणं वगैरे विसराच. उपज, म्हणजे तिथल्या तिथे सुचलेलं वाजवणं, ही आधी कानाची गोष्ट आहे, ऐकूच आलं नाही तर पाठ केलेलंच वाजवणार ना.

पण त्याच वर्षी बटरफिल्ड ब्लूज बँडचं 'ईस्ट-वेस्ट' आलं, 13 मिनिटांचं, त्यात माइक ब्लूमफिल्डची गिटार रागसंगीताच्या ओढीने एकाच षड्जावर ठाण मांडून पुढे पुढे जाते. 1967 च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेरेच्या फेस्टिव्हलला रविशंकर दुपारभर वाजवत बसले आणि समोर रॉक ऐकायला आलेली पोरं कान देऊन ऐकत होती. ग्रेटफुल डेड या अमेरिकन बँडचं 'डार्क स्टार' सिंगलवर तीन मिनिटंसुद्धा नाही, 1969 च्या लाइव्ह रेकॉर्डवर तेच 23 मिनिटं! बंदिश तीच, विस्तार वेगळा, आपल्याला हे काही नवीन नाही.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त शिकवणारी केस वाटते ती द हू या इंग्लिश बँडची, कारण त्यांनी दोन्ही टोकं गाठली आणि तीही तीन-चार वर्षांच्या आत. 14 फेब्रुवारी 1970, लीड्स युनिव्हर्सिटीचं जेवणघर, तिथे 'माय जनरेशन' हे सव्वातीन मिनिटांचं गाणं त्यांनी जवळपास 15 मिनिटं नेलं, मध्ये गिटारवाला पीट टाउनशेंड एखादा रिफ, म्हणजे सुरांचा छोटा तुकडा, टाकतो, ड्रमवाला किथ मून आणि बेसवाला जॉन एंटविसल तो उचलतात, सोडतात, परत धरतात, आणि कधी कधी त्यांच्याच 'टॉमी' अल्बमचे तुकडे त्यातच येऊन जातात. मग 1971 मध्ये सिंथेसायझर आला. 'वोंट गेट फूल्ड अगेन' मधला तो सिंथचा भाग स्टेजवर टेपवरून वाजवायला लागले आणि मून, ज्याची लय म्हणजे भरलेली नदी, तो हेडफोन लावून टेपच्या मागे मागे वाजवायला लागला. टेप थांबत नाही, तिला कोणाचं मन कळत नाही. 1973 ला 'क्वाड्रोफेनिया' या अल्बमच्या टूरवर टेपा आणखी वाढल्या आणि 5 नोव्हेंबरला न्यूकॅसलला टेप जुळेना, तेव्हा टाउनशेंड भर शोमध्ये साउंडवाल्यावर धावून गेला आणि टेपांची नासधूस केली. वागणं चुकीचंच, पण तो राग कशाचा होता ते मला कळतं.

बसवलेल्या शोचं टोक म्हणजे 1980-81 चा पिंक फ्लॉइडचा 'द वॉल', फिल्म, टेप, लाइट सगळं एकमेकांना बांधलेलं, आणि शो चालू असताना बँड आणि पब्लिकच्या मध्ये पुठ्ठ्याच्या विटांची भिंत चढत जायची, ती इंटरव्हलपर्यंत पुरी व्हायलाच हवी. आता विटा रचणारी माणसंच, कधी उशीर व्हायचा. म्हणून पहिल्या भागाच्या शेवटाकडे एक वाद्यांचा तुकडा ठेवला होता, विटा लागेपर्यंत तो कमी-जास्त लांबवता यायचा, त्याला नंतर नावही पडलं 'द लास्ट फ्यू ब्रिक्स'.