फ्लॉवर वर्गातील कॉर्व्हेट

फ्लॉवर वर्गातील कॉर्व्हेट : दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन व कॅनडात बांधलेल्या छोट्या पाणबुडीविरोधी युद्धनौका. अटलांटिकमधील मालवाहू जहाजांच्या काफिल्यांची राखण हे त्यांचे मुख्य काम. ब्रिटिश नौकांना फुलांची नावे दिली, म्हणून हा वर्ग ‘फ्लॉवर’. कॅनडाने मात्र आपल्या गावाशहरांची नावे दिली. सर्व मिळून अडीचशेहून अधिक नौका बांधल्या गेल्या.

या नौकेचे खरे वैशिष्ट्य तिच्या तोफेत नाही, ती कुठे बांधता येते यात आहे. १९३९ मध्ये युद्धनौका बांधणाऱ्या मोठ्या गोद्या आधीच कामात गुंतल्या होत्या. इंग्लंडमधील टीस नदीवरील स्मिथ्स डॉक कंपनीचे विल्यम रीड यांनी आपल्याच गोदीतील ‘सदर्न प्राइड’ (१९३६) या देवमासे पकडणाऱ्या बोटीवरून नवा आराखडा केला. लांबी २०५ फूट, पाणी कापणारा एकच पंखा (प्रोपेलर), वेग १६ नॉट (ताशी सुमारे ३० किमी). टर्बाइनऐवजी जुन्या पद्धतीचे चार सिलिंडरांचे वाफेचे इंजिन घेतले, कारण मालवाहू बोटी बांधणाऱ्या कारागिरांना आणि व्यापारी जहाजांवरून आलेल्या इंजिनवाल्यांना ते पाठ होते. पृष्ठभागावरून पळणारी जर्मन पाणबुडी हिच्यापेक्षा किंचित वेगवान होती. ही उणीव पत्करूनच नौका वेळेवर मिळाल्या.

कॅनडात ह्युरन सरोवराच्या काठी कॉलिंगवुड या गावी समुद्रापासून शेकडो मैल आत त्या बांधल्या गेल्या. तिथे नौका आडवी, कुशीवर पाण्यात सोडत. पुढे सरोवरे आणि सेंट लॉरेन्सचे कालवे पार करून, नदी गोठण्यापूर्वी, तिला समुद्र गाठावा लागे. कालव्यांच्या दोन दारांमधल्या जागेत २०५ फुटी नौका मावत असे. नंतरच्या ३०१ फुटी फ्रिगेट (अधिक मोठ्या युद्धनौका) मावत नसत, म्हणून सरोवरांवरच्या गोद्यांना त्या बांधता आल्या नाहीत. कॉलिंगवुडची ‘मूस जॉ’ जून १९४१ मध्ये सेवेत आली आणि १० सप्टेंबरला तिने व याच वर्गातील ‘शाम्ब्ली’ने ग्रीनलंडजवळ ‘यू-५०१’ ही जर्मन पाणबुडी बुडवली. पाणबुडीचा कप्तान चक्क ‘मूस जॉ’च्या डेकवर उडी मारून आला.

आराखडा मुळात किनाऱ्यालगतच्या गस्तीसाठी होता. १९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर त्याच नौका भर महासागरात गेल्या आणि त्याची किंमत खलाशांनी मोजली. गॅली (स्वयंपाकघर) मागच्या बाजूला आणि जेवणाची जागा नाळेकडे (पुढच्या टोकाकडे). गरम अन्न उघड्या डेकवरून, लाटा चुकवत न्यावे लागे. अनेकदा भांड्यात पोहोचायचे ते थंड, खारट पाणी मिसळलेले. ओल्या गवतावरही ही बोट डोलेल, असे खलाशी म्हणत. नंतरच्या नौकांत पुढचा डेक मागे वाढवला तेव्हा हा त्रास बराच कमी झाला. हा बदल आधीच व्हायला हवा होता.

यांपैकी काही नौका युद्धाच्या शेवटी व त्यानंतर लगेच रॉयल इंडियन नेव्हीकडे आल्या; त्यांत ‘आसाम’, ‘गोंडवाना’ आणि ‘महरट्टा’ (म्हणजे मराठा). तिसरी मूळची ‘चार्लॉक’, स्कॉटलंडमध्ये क्लाइड नदीकाठी पोर्ट ग्लासगो येथील फर्ग्युसन ब्रदर्सच्या लहानशा गोदीतली. आज संपूर्ण वर्गातील एकच नौका शिल्लक आहे. सेंट जॉन येथे बांधलेली ‘सॅकव्हिल’ कॅनडातील हॅलिफॅक्सच्या धक्क्यावर स्मारक म्हणून जपली आहे.