क्रॉसओव्हर (विज्ञानकथा मालिका आणि सुपरहिरो कॉमिक्स)

दूरचित्रवाणीवरील विज्ञानकथा मालिकेतील पात्रे आणि सुपरहिरो कॉमिक्समधील पात्रे एकाच कथेत आणण्याचा प्रकार. मराठी वाहिन्यांवर दोन मालिकांचा ‘महासंगम’ होतो तेव्हा दोन्ही मालिका बहुधा एकाच वाहिनीच्या असतात. येथे तसे नसते. मालिकेचे हक्क एकाकडे, कॉमिक्सचे दुसऱ्याकडे आणि छपाई कधी कधी तिसऱ्याकडेच असते. या प्रकारातील कथा अशा का घडतात, कोणाला किती पाने मिळतात आणि शेवटी सगळे जेथल्या तेथे का परततात, याचे उत्तर बहुतेक वेळा कथाकाराच्या टेबलावर नव्हे, तर हक्कांच्या करारात सापडते.

पूर्वपीठिका : दोन स्पर्धक प्रकाशकांचे नायक एकत्र आणण्याचा नमुना मार्व्हल व डीसी यांनी १९७६ मध्ये सुपरमॅन आणि स्पायडरमॅन यांच्या मोठ्या आकाराच्या संयुक्त अंकात घालून दिला. मालिकांच्या बाबतीत मात्र सुरुवात अशी वाजतगाजत झाली नाही. परवान्यावर चालणारे मालिकेचे कॉमिक आणि प्रकाशकाचे स्वतःचे सुपरहिरो कॉमिक ही एकाच कचेरीत, त्याच लेखक-चित्रकारांच्या हातून तयार होत. त्यामुळे पात्रे एकातून दुसऱ्यात हळूहळू झिरपू लागली. हे सर्वांत स्पष्टपणे दिसते ते मार्व्हलच्या ब्रिटिश शाखेत.

मार्व्हल यूके आणि डॉक्टर हू : ही शाखा १९७२ मध्ये सुरू झाली. ऑक्टोबर १९७९ मध्ये तिने काळातून प्रवास करणाऱ्या ‘डॉक्टर’ची मालिका ‘डॉक्टर हू’ हिच्यावर, बीबीसीच्या परवान्याने, ‘डॉक्टर हू वीकली’ काढले. पुढील वर्षी ते मासिक झाले. मुख्य चित्रकथा डेव्ह गिबन्स रेखाटत. मागच्या पानांवर डॉक्टरशिवाय, पण त्याच्याच विश्वात घडणाऱ्या छोट्या कथा येत. अशाच एका कथेत, १९८१ मध्ये, अ‍ॅलन मूर व डेव्हिड लॉइड यांनी ‘स्पेशल एक्झिक्युटिव्ह’ ही अतींद्रिय शक्ती असलेल्या भाडोत्री योद्ध्यांची टोळी आणली. टाइम लॉर्ड, म्हणजे डॉक्टरचीच जमात, तिला कामाला लावतात. दोन वर्षांनी मूर ‘द डेअरडेव्हिल्स’ या मासिकात मार्व्हलचा ब्रिटिश सुपरहिरो कॅप्टन ब्रिटन याची कथा लिहीत होते आणि अ‍ॅलन डेव्हिस ती रेखाटत होते. तेथे हीच टोळी कॅप्टन ब्रिटनच्या दारात येऊन उभी राहिली. डॉक्टर, त्याचे कालयान टार्डिस किंवा त्याचे शत्रू डालेक यांतले काहीच त्या पानांवर नव्हते. बीबीसीच्या मालकीचे काही न वापरता दोन विश्वांना जोडणारा पूल मात्र बांधला गेला. अशा जोडणीला ‘अप्रत्यक्ष क्रॉसओव्हर’ म्हणता येईल. पुढील कित्येक जोडण्या याच जातीच्या आहेत.

याच कॅप्टन ब्रिटन कथानकातून मार्व्हलच्या मुख्य विश्वाला ‘पृथ्वी-६१६’ हा क्रमांक मिळाला. तो १९८३ मध्ये छापून आला, यावर दुमत नाही. तो सुचला कोणाला आणि का, यावर मात्र आहे. कथा मूर यांच्या नावावर असल्याने श्रेय बराच काळ त्यांच्याकडे गेले. चित्रकार डेव्हिस यांच्या सांगण्याप्रमाणे हा आकडा मूर यांच्या आधीचे लेखक डेव्ह थॉर्प यांचा. थॉर्प यांना सुपरहिरो हा प्रकारच फारसा रुचत नसे, म्हणून त्यांनी बायबलातील श्वापदाच्या ६६६ या आकड्यावरून तो बेतला. बायबलातील ‘प्रकटीकरण’ या पुस्तकाच्या काही प्राचीन हस्तलिखितांत श्वापदाचा आकडा ६१६ असाच आढळतो, हे या मताच्या बाजूने पडते. दुसरे मत असे, की डीसीच्या ‘पृथ्वी-१’, ‘पृथ्वी-२’ या समांतर विश्वांपासून वेगळेपण दाखवण्यासाठी कोणताही मोठा आकडा उचलला गेला. ‘फँटास्टिक फोर’चा पहिला अंक १९६१ चा, म्हणून ६१, असेही एक स्पष्टीकरण दिले जाते, ते मागाहून जुळवलेले वाटते. डेव्हिस त्या कामात स्वतः सहभागी होते आणि हे श्रेय ते स्वतःकडे घेत नव्हते. त्यामुळे थॉर्प यांच्याकडे झुकणारे मत अधिक ग्राह्य वाटते.

‘एक्सकॅलिबर’ या मार्व्हलच्या मालिकेत अ‍ॅलिस्टेर व अ‍ॅलिसँड ही स्टुअर्ट भावंडे आणि ‘डब्ल्यू. एच. ओ.’ नावाची सरकारी संघटना येते. ‘डॉक्टर हू’मधील ब्रिगेडियर अ‍ॅलिस्टेर गॉर्डन लेथब्रिज-स्टुअर्ट यांना केलेला तो उघड नमस्कार आहे. हक्कांचा भंग न करता ओळख पटवून देण्याची ही रीत ब्रिटिश चित्रकथाकारांनी विशेष हातोटीने वापरली.

डेथ्स हेड : दोन परवान्यांच्या हद्दी ओलांडून स्वतंत्र झालेले हे पात्र म्हणजे या विषयाचा सर्वांत बोलका नमुना. सायमन फरमन यांनी लिहिलेला व जेफ सिनियर यांनी रेखाटलेला हा यांत्रिक इनामखोर शिकारी मार्व्हल यूकेच्या ‘ट्रान्सफॉर्मर्स’ या महाकाय यंत्रमानवांच्या साप्ताहिकाच्या ११३ व्या अंकात (मे १९८७) अवतरला. अडचण अशी होती, की परवान्याच्या कॉमिकमध्ये पहिल्यांदा आलेले पात्र परवाना देणाऱ्याचे, म्हणजे हॅस्ब्रो या खेळणी कंपनीचे ठरण्याचा धोका असतो. प्रचलित हकिकत सांगते, की हा धोका टाळण्यासाठी ब्रायन हिच यांनी रेखाटलेली ‘हाय नून टेक्स’ ही एका पानाची कथा मार्व्हलच्या इतर नियतकालिकांत आधीच छापून घेतली गेली आणि त्यामुळे पात्र मार्व्हलचे राहिले. ही हकिकत अनेक ठिकाणी जशीच्या तशी उतरवलेली आढळते. तारखा मात्र तिच्याशी जुळत नाहीत. हिच यांचे व्यावसायिक काम सुरू झाले तेच १९८७ च्या सुमारास, आणि ते पान १९८८ मध्ये छापले गेले असे आता बहुतेक जाणकार मानतात. तेव्हा या पानाचा उपयोग पहिले दर्शन सिद्ध करण्यापेक्षा पात्राला मार्व्हलच्या हक्कओळीखाली उभे करून स्वतंत्र अंकासाठी तयार करण्याचा असावा.

हीच युक्ती वेळेत साधल्याचे उदाहरण अमेरिकन शाखेत आहे. बॉब बुडियान्स्की यांची ‘सर्किट ब्रेकर’ ही ‘ट्रान्सफॉर्मर्स’च्या ९ व्या अंकात (ऑक्टोबर १९८५) येणार होती; तिला आधी मार्व्हलच्या स्वतःच्या ‘सीक्रेट वॉर्स २’च्या ३ ऱ्या अंकात (सप्टेंबर १९८५) थोडी जागा देण्यात आली. महिन्याभराच्या या अंतरामुळे ती मार्व्हलची राहिली. पुढे ट्रान्सफॉर्मर्सचा परवाना इतर प्रकाशकांकडे गेला, पण ती त्याच्याबरोबर जाऊ शकली नाही. त्याआधी, ‘ट्रान्सफॉर्मर्स’च्या जानेवारी १९८५ च्या ३ ऱ्या अंकात काळ्या पोशाखातील स्पायडरमॅन येऊन गेला होता. आज त्या एका पाहुण्यामुळे तो अंक पुन्हा छापायचा तर दोन मालकांची संमती लागते.

कॉमिक्सच्या मुखपृष्ठावरील महिना हा विक्रीचा महिना नसतो, ही खबरदारी येथे घ्यावी लागते. अमेरिकन अंक छापील महिन्याच्या साधारण दोन-तीन महिने आधी दुकानात येत. ब्रिटिश साप्ताहिकांची रीत वेगळी होती. ‘पहिले दर्शन’ ठरवताना या दोन कालगणना एकमेकांवर ठेवल्या की चुका होतात.

डेथ्स हेडचा पुढचा प्रवास असा : ट्रान्सफॉर्मर्सच्या कथेत तो कालद्वारात ओढला जातो. ‘डॉक्टर हू मॅगझिन’च्या १३५ व्या अंकात (१९८८) काळाच्या भोवऱ्यात तो टार्डिसला धडकतो. ट्रान्सफॉर्मर्सच्या मापाचा असल्याने तो माणसापेक्षा कित्येक पट उंच. तेवढ्या उंचीचे पात्र माणसांच्या कथेत चौकटीत मावणार नाही. म्हणून सातवा डॉक्टर (मालिकेत डॉक्टर वेळोवेळी नवा देह घेतो) आपला शत्रू मास्टर याचे, सजीवांना आक्रसून टाकणारे हत्यार वापरून त्याला माणसाएवढा करतो आणि इ.स. ८१६२ च्या पृथ्वीवर धाडतो. तेथे तो मार्व्हल यूकेच्याच ‘ड्रॅगन्स क्लॉज’ या कॉमिकच्या ५ व्या अंकात येतो, मग त्याचे स्वतःचे दहा अंकी मासिक निघते. त्याच्या ८ व्या अंकात डॉक्टर पुन्हा भेटतो, ९ व्यात फँटास्टिक फोर आणि १० व्यात २०२० सालचा आयर्न मॅन. चित्रकाराची मापाची अडचण, प्रकाशकाची हक्कांची अडचण आणि कथेतील प्रसंग हे तिन्ही एका चौकटीत सोडवलेले दुसरे इतके नेटके उदाहरण प्रस्तुत विषयात नाही.

स्टार ट्रेक : अवकाशप्रवासाच्या या मालिकेचे कॉमिक्स हक्क १९६७ पासून अनेक हात फिरले : गोल्ड की, मार्व्हल, डीसी, मालिबू, पुन्हा मार्व्हल, वाइल्डस्टॉर्म, आयडीडब्ल्यू. मार्व्हलच्या पहिल्या खेपेचा (१९८०–८२) परवाना १९७९ च्या चित्रपटापुरता होता आणि मूळ मालिकेतील सामग्री वापरण्यास मुभा नव्हती, असे सांगितले जाते. ती मालिका १८ अंकांत आटोपली. १९९६ मध्ये मार्व्हल व पॅरामाउंट यांनी संयुक्त नाममुद्रा काढली, तेव्हा कुठे एक्स-मेन या मार्व्हलच्या सुपरहिरो संघाशी प्रत्यक्ष भेट शक्य झाली.

‘स्टार ट्रेक / एक्स-मेन’ (डिसेंबर १९९६, लेखक स्कॉट लॉबडेल) या एकाच अंकात मूळ मालिकेतील कॅप्टन कर्कचे अवकाशयान आणि एक्स-मेन डेल्टा व्हेगा ग्रहाजवळ भेटतात. हा तोच ग्रह, जेथे १९६६ च्या भागात गॅरी मिचेलचा अंत झाला होता. खलनायकाची निवड अभ्यासण्याजोगी आहे. एक्स-मेनच्या प्रोटियसला स्वतःचे शरीर नसते, तो दुसऱ्याच्या शरीरात शिरतो. मिचेलकडे देवासारखी शक्ती होती, पण जीव उरलेला नव्हता. दोघांच्या उणिवा एकमेकांत बसतात आणि दोन्ही बाजूंच्या जुन्या वाचकांना आपापला धागा ओळखता येतो. ‘डॉक्टर मॅकॉय’ अशी हाक मारताच जहाजाचा डॉक्टर आणि बीस्ट म्हणजे हँक मॅकॉय हे दोघेही ओ देतात, तो प्रसंग याच अंकातला. कर्कचा सहकारी स्पॉक एक्स-मेनमधील वुल्व्हरिनच्या मानेची शीर दाबतो तोही. १९९८ मध्ये ‘स्टार ट्रेक’च्या पुढील मालिकेतील कॅप्टन पिकार्डचा चमू एक्स-मेनच्या पृथ्वीवर उतरला. त्याच वर्षी मायकेल जॅन फ्रीडमन यांच्या ‘प्लॅनेट एक्स’ या कादंबरीत एक्स-मेन पिकार्डच्या जहाजावर आले. पिकार्ड साकारणारे पॅट्रिक स्ट्युअर्ट २००० मध्ये पडद्यावर एक्स-मेनचे पुढारी प्रोफेसर एक्स झाले.

पुढे आयडीडब्ल्यूने डीसीशी करार करून ‘स्टार ट्रेक / लीजन ऑफ सुपर-हीरोज’ (२०११–१२, सहा अंक, लेखक ख्रिस रॉबर्सन) काढले; लीजन हा डीसीचा भविष्यकाळातील सुपरहिरोंचा संघ. येथे पेच निराळाच होता. दोन्ही विश्वांचे भविष्य आशादायी, दोन्हींत ग्रहांचा संघ. मग भांडण कोणाशी? रॉबर्सन यांनी दोन्ही चमूंना तिसऱ्याच, साम्राज्यशाही पृथ्वीवर उतरवले. त्या इतिहासामागचा अमर पुरुष म्हणजे डीसीचा व्हँडल सॅव्हेज आणि १९६९ च्या भागातील फ्लिंट, हे एकच ठरवले. ‘स्टार ट्रेक / ग्रीन लँटर्न’ (२०१५) मध्ये एकेका भावनेवर चालणाऱ्या, ग्रीन लँटर्नच्या विश्वातील रंगीत अंगठ्या जहाजावरील माणसांच्या बोटांत जातात : चेकॉव्हला आशेची निळी, मॅकॉयला करुणेची जांभळट, उहुराला प्रेमाची. पात्राचा स्वभाव एका रंगात सांगून पाने वाचवण्याचा हा मार्ग फार उपयोगी पडला.

रचना आणि अडचणी : करारात पहिल्यांदा ठरते ते छापणार कोण, मुखपृष्ठावर नाव आधी कोणाचे, आणि पुनर्मुद्रणाचा हक्क किती काळ. शेवटचे कलम दुर्लक्षित राहिले की मुदत संपताच पुस्तक बाजारातून नाहीसे होते. या प्रकारातील कित्येक अंक आज फक्त जुन्या प्रतींतच मिळतात. मग गोषवारा, संहिता, पेन्सिल रेखाटन आणि शाई-रंग अशा प्रत्येक टप्प्यावर दोन्ही मालकांची मंजुरी लागते. शाई झाल्यावर आलेली हरकत सर्वांत महाग पडते. मालिकेचा मालक एकच असतो असेही धरून चालत नाही. डालेक हे मूळ लेखक टेरी नेशन यांच्या हक्कातले, म्हणून बीबीसीची परवानगी असूनही त्यांच्यासाठी वेगळी परवानगी घ्यावी लागे.

पानांचा हिशेब कडक असतो. २२ पानांच्या अंकात पानाला सरासरी पाच चौकटी धरल्या, तर ११० होतात. दोन्ही बाजूंची मिळून चौदा पात्रे असली, तर एकाच्या वाट्याला आठही स्वतंत्र चौकटी येत नाहीत. म्हणून अनुभवी लेखक पात्रांच्या जोड्या लावतात, वैद्याशी वैद्य आणि पुढाऱ्याशी पुढारी, आणि गैरसमजातून होणारी पहिली मारामारी दोन-तीन पानांत उरकतात. ती लांबली की पुढचे कथानक गुदमरते. या प्रकारातील फसलेल्या अंकांचा नेहमीचा दोष हाच. चित्रकाराची अडचण वेगळी. मालिकेतील पात्राला खऱ्या नटाचा चेहरा असतो, सुपरहिरोला चित्रकारागणिक बदलणारा. छायाचित्रावरून काढलेला ताठर चेहरा आणि फुगवलेल्या स्नायूंचे शरीर शेजारी आले की चौकट दुभंगते. ‘लीजन’च्या अंकांत जेफ्री व फिलिप मॉय यांनी सर्वांनाच साधी, स्वच्छ रेषा दिल्याने हा सांधा बराच झाकला गेला.

कथेतील कालभोके, अवकाशातील चिरा आणि शेवटी पुसली जाणारी आठवण यांना आळशीपणा म्हणणे अन्यायाचे आहे. कोणाचेही पात्र मरू नये, बदलू नये, दुसऱ्याच्या पुढील कथेत त्याचा उल्लेख राहू नये, ही मालकांची अपेक्षा असते आणि चीर मिटवली की ती आपोआप पाळली जाते.

इतर उदाहरणे : डीसी व बूम यांची ‘जस्टिस लीग / पॉवर रेंजर्स’ (२०१७, सहा अंक, लेखक टॉम टेलर) आणि मार्व्हलची जपानी मालिकेवरील ‘अल्ट्रामॅन’ व अ‍ॅव्हेंजर्स यांची भेट (२०२४) ही अलीकडची उदाहरणे. उलट दिशेने, म्हणजे चित्रकथेतील नायक विज्ञानकथा मालिकेत आणण्याचे प्रयोग तुलनेने थोडे आहेत. त्यांत ‘डिफेंडर्स ऑफ दि अर्थ’ (१९८६, ६५ भाग) ही सचेतपट मालिका मराठी वाचकाला जवळची वाटेल : इंद्रजाल कॉमिक्समधून परिचित झालेले वेताळ व जादूगार मँड्रेक तिच्यात फ्लॅश गॉर्डनच्या बरोबरीने अवकाशयुद्ध लढतात. या तिघांचेही हक्क किंग फीचर्स या एकाच संस्थेकडे होते.