विश्वास व अविश्वास (ख्रिस्ती)

ईश्वराने स्वतःविषयी जे प्रकट केले ते सत्य मानणे आणि त्याच्यावर भरवसा ठेवून तसे जगणे, या दोन्हींना मिळून ख्रिस्ती परंपरेत विश्वास म्हणतात. अविश्वास ही केवळ नास्तिकाची वा परधर्मीयाची भूमिका, असा समज रूढ आहे. शुभवर्तमानांत (बायबलमधील येशूच्या चरित्रग्रंथांत) मात्र हा ठपका अनेकदा येशूच्या गाववाल्यांवर आणि खुद्द शिष्यांवर येतो.

मार्ककृत शुभवर्तमान (सुमारे इ. स. ७०) बहुतेक अभ्यासक सर्वांत जुने मानतात. येशूला आपल्या गावी काही आजारी माणसे बरी करण्यापलीकडे मोठे कृत्य करता आले नाही, असे त्यात म्हटले आहे (६:५). मत्तय त्याच प्रसंगी, लोकांच्या अविश्वासामुळे त्याने फारशी कृत्ये केली नाहीत, एवढेच म्हणतो (१३:५८). मार्कचे अडचणीचे विधान मत्तयाने सौम्य केले असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. मार्कच्या नवव्या अध्यायात भूतग्रस्त मुलाचा बाप आपला विश्वास आहे असे सांगतो आणि त्याच दमात आपला अविश्वास घालवण्याची विनवणीही करतो (९:२४). हे बोलताना त्याच्या डोळ्यांत आसवे होती, हा तपशील सर्वांत जुन्या हस्तलिखितांत आढळत नाही. एखाद्या लेखनिकाला तो घातल्यावाचून राहवले नसावे.

शिष्यांच्या अविश्वासाची सर्वांत कडक निर्भर्त्सना मार्क १६:१४ मध्ये आहे. परंतु १६:९–२० हा भागच वादग्रस्त आहे. चौथ्या शतकातील सिनाई व व्हॅटिकन हस्तलिखितांत शुभवर्तमान आठव्या ओवीपाशीच संपते. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात धर्माचार्य आयरेनियसला हा भाग ठाऊक होता. त्यामुळे तो मूळचा नसला, तरी जुना खास आहे. अमेरिकन संग्राहक चार्ल्स फ्रिअर याने १९०६ मध्ये इजिप्तमध्ये विकत घेतलेल्या हस्तलिखितात (बहुधा चौथे-पाचवे शतक) चौदाव्या ओवीनंतर आणखी मजकूर येतो. त्यात शिष्य सबब सांगतात, की अधर्माचे व अविश्वासाचे हे युग सैतानाच्या ताब्यात आहे. उपलब्ध ग्रीक हस्तलिखितांपैकी हा मजकूर एवढ्या एकातच मिळतो; बायबलचा लॅटिन भाषांतरकार जेरोमने पाचव्या शतकाच्या आरंभी त्याचा काही अंश लॅटिनमध्ये उद्धृत केला आहे. शिष्यांवरील ठपका हलका करण्यासाठी तो मागाहून घातला गेला असणे संभवते.

तेराव्या शतकात धर्मतत्त्वज्ञ टॉमस अक्वाइनसने दोन प्रकारचे अविश्वास वेगळे केले: ज्याच्या कानी संदेश पोचलाच नाही त्याचा अविश्वास पाप नव्हे, ऐकून विरोध करणाऱ्याचा मात्र पाप होय. माणूस विश्वासाने नीतिमान ठरतो, असे सांगणाऱ्या रोमकरांस पत्र ३:२८ च्या जर्मन भाषांतरात (१५२२) प्रॉटेस्टंट सुधारक ल्यूथरने विश्वासाआधी ‘केवळ’ हा शब्द घातला. ट्रेंटच्या कॅथलिक धर्मपरिषदेने १५४७ मध्ये ‘केवळ विश्वासाने तारण’ हे मत नाकारले. गंभीर पापाने कृपा गेली तरी विश्वास शिल्लक राहू शकतो, असेही तिने ठरवले. १९९९ मध्ये आउग्सबुर्ग येथील कॅथलिक व ल्यूथरपंथीयांच्या संयुक्त जाहीरनाम्याने या वादाची धार बरीच बोथट केली.

साधकांच्या अनुभवात विश्वास व अविश्वास दोन्ही एकत्र नांदतात. जॉन ऑफ द क्रॉसने (१५४२–९१) ‘अंधारी रात्र’ (ईश्वर दुरावल्यासारखे वाटण्याचा काळ) ही साधनेचीच एक अवस्था मानली. लिझ्यूची तेरेसा (१८७३–९७) अखेरच्या सुमारे दीड वर्षात स्वर्ग आहे की नाही या शंकेने ग्रासली होती. त्या काळात तिने विश्वासांगीकार (ख्रिस्ती श्रद्धेची ठराविक कबुली) स्वतःच्या रक्ताने लिहून जवळ बाळगला. कॅथलिक चर्चच्या कायदेसंहितेत (१९८३, कलम ७५१) बाप्तिस्म्यानंतर हट्टाने धरलेली शंका पाखंडात मोडते. न बोलावता मनात उठणाऱ्या शंकेला ते लागू होत नाही.