चांगला बटाटा कोणाच्या हिशेबाने?

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये माल गावाच्या नावाने ओळखला जातो. इंदूर, आग्रा, डीसा, तळेगाव. वाणाचं नाव गाळ्यावर क्वचितच निघतं. हा बाजार १९८०च्या दशकात दक्षिण मुंबईच्या दाटीतून इकडे आला, पण माल पाहायची रीत जुनीच राहिली. गोणीतून एक बटाटा उचलायचा, सालीवर अंगठा घासायचा. साल सुटली तर माल कोवळा, टिकणार नाही. ठाण्या-नवी मुंबईच्या दमट खाडीपट्ट्यात बटाटा व्यापारी पीक म्हणून होत नाही, त्यामुळे आपली परीक्षा सालीपाशी सुरू होऊन तिथेच संपते. शेतकऱ्याची परीक्षा वेगळी, आणि ती बरीच जुनी आहे.

पोर्तुगीजांनी सतराव्या शतकात पश्चिम किनाऱ्यावर बटाटा आणला. पुढे इंग्रजांच्या काळात युरोपातली वाणं आली. तिथलं मुख्य पीक उन्हाळ्याच्या लांब दिवसांत वाढतं. उत्तर भारतात मात्र ऑक्टोबरात लागवड आणि जानेवारी ते मार्चमध्ये काढणी, म्हणजे सगळा कारभार हिवाळ्याच्या छोट्या दिवसांत. त्यातून विषाणूंमुळे बेणं, म्हणजे लागवडीसाठी ठेवलेले बटाटे, दरवर्षी खालावत जायचं. डोंगरावरचं निरोगी बेणं आणावं, तर ते नुकतंच काढलेलं आणि सुप्तावस्थेत, मैदानातल्या लागवडीच्या वेळेला कोंबच नाहीत!

१९४९ साली पाटण्यात केंद्रीय बटाटा संशोधन संस्था निघाली आणि १९५६ मध्ये सिमल्याला हलली. संकराचं काम जवळच्या कुफरीला होऊ लागलं, कारण तिथल्या लांब दिवसांत झाडाला फुलं येतात, फळं धरतात. मैदानात ते सहसा जमत नाही. वाणांच्या नावाआधी ‘कुफरी’ लागतं ते त्यामुळे. बेण्याचा प्रश्न १९५९च्या सुमारास सुटू लागला. मैदानात मावा, म्हणजे हे विषाणू पसरवणारी बारीक कीड, कमी असतो त्या थंडीच्या काळातच बेण्याचं पीक वाढवायचं आणि मावा वाढायच्या आत पाला कापून टाकायचा, इतकी साधी युक्ती. माझ्या मते कोणत्याही एका वाणापेक्षा हिने जास्त काम केलं.

१९६८ साली कुफरी चंद्रमुखी आणि कुफरी ज्योती आल्या. चंद्रमुखी लवकर तयार होते, दिसायला देखणी, पण करप्यापुढे, म्हणजे पाला करपवणाऱ्या रोगापुढे, टिकत नाही. ज्योती करप्याला दाद देत नव्हती, डोळे उथळ असल्याने सोलताना नासही कमी. पुढे करप्याचा रोगकारकच बदलत गेला आणि ज्योतीची ती ताकद ओसरली. वाण चांगलं म्हणायचं तर किती वर्षं, हेही विचारावं लागतं. पठारी प्रदेशासाठी १९७२ मध्ये ‘कुफरी लवकर’ नावाचं वाण आलं. आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावर बटाटा खरिपात, पावसावर होतो. तिथे लवकर हाती येणारं वाणच परवडतं.

१९९८ साली गंमत झाली. त्याच वर्षी कुफरी पुखराज आलं आणि कुफरी चिप्सोनाची पहिली दोन वाणंही. पुखराज लवकर येतं, भरपूर येतं, पण पाणीदार. चिप्सोनात कोरडा अंश २० टक्क्यांच्या वर आणि साखर कमी, कारण ते वेफर्सच्या कारखान्यासाठीच घडवलेलं. एक एकरी गोण्या मोजणाऱ्याचं वाण, दुसरं कढई तापवणाऱ्याचं.

कढईचा हा हिशेब ठाण्यातल्या वडेवाल्यालाही लागू पडतो. पाणीदार बटाट्याची भाजी चिकट होते, वडा आतून बसतो. आणि बटाटा कोल्ड स्टोरेजमध्ये २ ते ४ अंशांवर राहिला की स्टार्चची साखर होते. त्या साखरेमुळे उपवासाचा कीस शिजायच्या आत लाल पडतो, तेव्हा आच कमी करून फारसा उपयोग नसतो. माळव्यातल्या मालात साखर कमी असते असा नावलौकिक आहे, म्हणून तळणाचं काम करणारे ‘इंदूर’ मागतात. पण त्या गोणीत ज्योती असू शकते, चिप्सोना किंवा पुखराजही. घाऊक घेणाऱ्याने गावाबरोबर वाण, आणि माल शेतातून थेट आलाय की कोल्ड स्टोरेजमधून, हेही विचारून घ्यावं.