स्वयंपाकघरातली हळद आणि जडीबुटीवाल्याची दारुहळद

इंदुरात कुणाच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’, म्हणजे यकृतात चरबी, लिहून आलं की सल्ल्यांचा पाऊस पडतो, आणि त्यातले निम्मे सल्ले पिवळे असतात. रामबागेतल्या काकू म्हणतात, अनशापोटी कोमट पाण्यातून हळद घे. ऑफिसातला कुणी भिया म्हणतो, “बर्बेरीन लो, दारुहल्दी से बनता है, घर की ही तो चीज है.” ती घरची चीज नाही. फॅटी लिव्हर आणि इन्सुलिन रेझिस्टन्ससाठी दोन्ही घेतल्या जातात, दोन्ही पिवळ्या आहेत, पण त्यांचं नातं तेवढ्यावरच संपतं.

हळद हा आल्याच्या कुळातला कंद. दारुहळद हे हिमालयात साधारण २००० ते ३००० मीटर उंचीवर वाढणारं काटेरी झुडूप. औषधात त्याचं मूळ आणि खोड वापरतात. ते उकळून आटवलं की रसांजन होतं, आपल्याकडच्या हिंदीत रसौत. हळदीत कर्क्युमिन असतं, दारुहळदीत बर्बेरीन. एकीतलं दुसरीत सापडत नाही. आयुर्वेदाने मात्र दोघींना फार पूर्वीपासून जोडीने बसवलं आहे. प्रमेहावर, म्हणजे मधुमेहासारख्या विकारांवर, हळद-आवळा सांगितला आहे, तसाच दारुहळद, देवदार, त्रिफळा आणि नागरमोथ्याचा काढाही. त्यामुळे गोंधळ अगदीच निराधार नाही. दुकानात नुसतं ‘औषधी हळद’ मागितलं तर आंबेहळदसुद्धा हातात पडू शकते, आणि ती तर तिसरीच वनस्पती.

पुडीत काय आलंय ते घरी पाहता येतं. चिमूटभर पूड पाण्यात कालवून विड्याच्या पानाला लावतो तो चुना मिसळा. हळद असेल तर लाल होईल. कुंकू पूर्वी असंच करत. दारुहळद लाल होत नाही. जिभेवर ठेवली तर ती इतकी कडू लागते की दुसऱ्यांदा कुणी चाखणार नाही. शिवाय बर्बेरीन पाण्यात उतरतं, कर्क्युमिन जवळजवळ नाहीच. म्हणून हळदीच्या पाण्यात तळाशी गाळ बसतो आणि कर्क्युमिन बहुतेक त्या गाळातच राहतं.

आता उपयोगाचं. इन्सुलिन रेझिस्टन्समध्ये पेशी इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत, स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं, तरी यकृत साखर बनवणं आवरत नाही आणि वर चरबी साठवत राहतं. या जागी बर्बेरीनचं पारडं जड आहे. चीनमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात नव्याने मधुमेह निघालेल्या ३६ जणांपैकी काहींना बर्बेरीन ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा दिलं, बाकीच्यांना मेटफॉर्मिन, म्हणजे मधुमेहाची नेहमीची गोळी. तीन महिन्यांत बर्बेरीनवाल्यांचं एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ९.५ वरून ७.५ वर आलं, मेटफॉर्मिनच्या बरोबरीने. फॅटी लिव्हरवरचा तिथलाच २०१५ चा प्रयोग मला जास्त बोलका वाटतो. आहार-व्यायामाला बर्बेरीनची जोड दिली तेव्हा १६ आठवड्यांत यकृतातली चरबी ५२.७ टक्क्यांनी घटली. नुसत्या आहार-व्यायामाने? ३६.४ टक्क्यांनी. म्हणजे मोठा वाटा चालण्याचा आणि ताटाचाच होता. जाहिरातीत हा दुसरा आकडा दिसत नाही.

हळदीच्या बाजूने थायलंडचा २०१२ चा प्रयोग आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या २४० लोकांपैकी निम्म्यांना नऊ महिने कर्क्युमिन दिलं. त्यांच्यापैकी कुणालाच मधुमेह झाला नाही, नुसत्या दिखाऊ गोळीवाल्यांत १६.४ टक्के लोकांना झाला. निकाल इतका देखणा आहे की मला तो जरा जपूनच घ्यावासा वाटतो. फॅटी लिव्हरमध्ये कर्क्युमिनने एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं विकर) आणि चरबी थोडी उतरल्याचे छोटे प्रयोग आहेत, त्यापलीकडे फार नाही.

पण हे सगळे प्रयोग अर्कांचे, पुडीचे नव्हेत. हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के. चमचाभर, म्हणजे तीन ग्रॅम हळदीत ते जेमतेम ९० मिलिग्रॅम भरतं, आणि थायलंडमध्ये रोज दीड ग्रॅम देत होते. दारुहळदीच्या मुळातही बर्बेरीन दोन-चार टक्क्यांच्या आसपासच, तेव्हा पुडीतून दीड ग्रॅम मिळवायला रोज पन्नासेक ग्रॅम चूर्ण गिळावं लागेल. म्हणून लोक कॅप्सूलकडे वळतात आणि तिथून हिशोब बदलतो.

कर्क्युमिन आतड्यातून फारसं शोषलं जात नाही. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी १९९८ साली दाखवलं की दोन ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिरीतलं २० मिलिग्रॅम पायपरीन दिलं तर शोषण २००० टक्क्यांनी वाढतं. तेव्हापासून बऱ्याच कॅप्सूलमध्ये मिरीचा अर्क असतो. अमेरिका, इटली आणि ऑस्ट्रेलियात अशी सप्लिमेंट्स घेणाऱ्या काही जणांना यकृताला सूज येऊन कावीळ झाल्याची नोंद आहे. अमेरिकेतल्या दहा रुग्णांच्या अभ्यासात सात जणांत एचएलए-बी*३५:०१ हा एकच जनुकप्रकार निघाला. असं क्वचित होतं, हे खरं. पण ज्या अवयवासाठी गोळी सुरू केली त्यालाच इजा, आणि घरात कुणाला हळदीचा संशयही येणार नाही. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, खाज सुटली तर कॅप्सूल थांबवून एसजीपीटी आणि बिलिरुबिन (काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य) तपासायचं. पित्ताशयात खडे असतील किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय सुरूच करू नये. वरणातल्या हळदीबद्दल हे काहीच नाही. तिची चिंता असेल तर भेसळीची करा, रंगासाठी मिसळलेल्या लेड क्रोमेट या शिशाच्या विषारी रंगाची.

बर्बेरीनचा त्रास वेगळ्या वाटेने येतो. पोट बिघडतं, बद्धकोष्ठ किंवा जुलाब होतात, ते कळतं तरी. कळत नाही ते असं की यकृतातली जी विकरं औषधं मोडतात त्यांना ते अडवतं, आणि दुसऱ्या गोळ्या अंगात जास्त वेळ राहतात. किडनी बदललेल्यांना दिलं जाणारं सायक्लोस्पोरिन हे त्याचं ठळक उदाहरण. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांनाही हे लागू पडतं. मधुमेहाच्या गोळीसोबत घेतलं तर साखर फार उतरू शकते. डॉक्टरांना ‘बाकी काही घेत नाही, नुसती जडीबुटी’ असं सांगणारे नेमके इथे फसतात.

आणि एक गट असा आहे ज्याला हे कुणी सांगत नाही. इन्सुलिन रेझिस्टन्समुळे पीसीओडी असलेल्या मुली पाळी नियमित व्हावी म्हणून बर्बेरीन घेतात, त्यातल्या काही बाळाचा विचार करत असतात. बर्बेरीन रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेलं बिलिरुबिन सुटं करतं. नवजात बाळात ते मेंदूपर्यंत पोचू शकतं. म्हणून गरोदरपणात आणि अंगावर पाजताना बर्बेरीन, दारुहळद, रसौत यातलं काहीच नको. बाळासाठी प्रयत्न सुरू करायचे ठरलं की त्याच दिवशी ही बाटली डॉक्टरांना दाखवायची, पाळी चुकायची वाट पाहायची नाही.